भजनी मंडळाचा गळा आहे म्हणून नाटक सोडू का?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एक पत्र आलंय. थोडं कापलंय, पण शब्द त्यांचेच आहेत.

"काकू, नमस्कार. मी ४७ वर्षांची, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. लग्नानंतर सासूबाईंनी मला त्यांच्या भजनी मंडळात नेलं, तेव्हापासून एकादशीला, नवरात्रात गाते, बाकी गाण्याचं शिक्षण काही नाही. यंदा आमच्या भागातल्या हौशी ग्रुपनं नवीन संगीत नाटक बसवायला घेतलंय, एका वाड्यातल्या घराची गोष्ट आहे, त्यात मला आत्याचं काम मिळालं. दोन पदं माझी एकटीची आणि एक भाचीबरोबर. भाचीचं काम करणारी मुलगी गाण्यातली विशारद आहे, तिचा आवाज काय सांगू तुम्हाला. गेल्या आठवड्यात तालमीत दुसऱ्या अंतऱ्याला माझा दम गेला, वरचा सूर फाटला आणि संगीत दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, 'बाई, हे भजनी मंडळ नाही.' कुणीतरी हसलं पण. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले या वयात कशाला हा उपद्व्याप. प्रयोग पाच आठवड्यांवर आलाय, शाहू स्मारकला आहे. आत्ताच सोडलं तर त्यांना दुसरी कुणी तरी बसवता येईल. सोडू का?"

ताई, नका सोडू. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही धडधड कमी करून वाचाल.

आता त्या वाक्याचं बोलू, कारण मला पत्रात दम गेल्याचं दुःख कमी दिसतंय नि ते वाक्यच जास्त लागलेलं दिसतंय, आणि लागणारच की. ते बोलणं चुकीचं होतं. तालमीत चूक दाखवायची तर कुठली जागा निसटली, श्वास कुठे तुटला, सूर कुठे चढा लागला ते सांगायचं असतं, चारचौघांत माणसाच्या गाण्याची जात काढायची नसते. आणि तुमच्यासमोर जे बोलले ते खरंही नाही. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी सौभद्र हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं, त्यातली पदं कधी काढून बघा, त्यात साकी आहे, दिंडी आहे, कामदा आहे, अंजनीगीत आहे. ह्या चाली कीर्तनाला, पुराणाला बसणाऱ्या बायाबापड्यांच्या रोजच्या तोंडातल्या. पुढे १९११ ला मानापमान हे नाटक आलं, त्याला चाली दिल्या आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी, ते स्वतः पेटीतले मोठे वस्ताद, तेव्हा ठुमरी-गझलेचं वळण आलं आणि मग रागदारी, ताना हे सगळं वाढत गेलं. पण पाया बघाल तर ज्या गळ्यानं तुम्ही एकादशीला अभंग म्हणता तो गळा नाट्यसंगीताला परका कधीच नव्हता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीय, तुमच्या दिग्दर्शकांनाही हे ठाऊक असणार, त्या दिवशी चिडले आणि तोंडातून गेलं असं मी धरून चालते.

मात्र दम गेला हे खरं आहे आणि सूर फाटला हेही खरं आहे, त्याचं काय करायचं ते बघू. मी बरीच वर्षं हौशी नाटकांना पायपेटीवर साथ करते, त्यामुळे गाणाऱ्याचं काय होतंय ते मला बाजूने, अगदी जवळून दिसतं. पेटीवर बसलं की नटाचा चेहरा नंतर दिसतो, आधी त्याची बरगडी आणि खांदे दिसतात, खांदे वर गेले की समजायचं आता पुढची ओळ अर्धीच येणार.

भजनात काय होतं बघा. तुम्ही एक ओळ म्हणता आणि मग सगळं मंडळ ती ओळ झेलतं, टाळ वाजतायत, पखवाज चाललाय, तेवढ्यात तुम्ही निवांत श्वास घेता, पदर सारखा करता, पुढची ओळ आठवता आणि मग परत सुरू. वर्षानुवर्षं तुमच्या छातीला ही सवय आहे की एक ओळ गायची, एक ओळ विसावा. नाटकात तुमची ओळ झेलायला कुणी नाही. मुखडा तुम्हीच, अंतरा तुम्हीच, परत मुखडा तुम्हीच, शिवाय उभं राहून, चालत, नऊवारी नेसून. मग पहिला अंतरा निघतो कसाबसा आणि दुसऱ्याला दम जातो, यात तुमचा गळा कमी पडला असं काहीही नाही, विसाव्याची जागा गेली एवढंच झालंय. ती जागा परत मागून घ्यायची. पेटीवाल्यांना सांगा की पहिला अंतरा संपला की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, तुम्ही भरा, ओळ पेटीवर वाजू दे, तबल्याला एक छोटा तुकडा घेऊ दे, मी तेवढ्यात तुळशीपासून ओसरीपर्यंत जाते किंवा जे काय तुमचं चालणं बसवलंय ते करते. चालणं नेहमी ह्या भरलेल्या जागेत टाकायचं, लांब सुरावर पाय हलवायचे नाहीत, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं. कुठलाही बरा साथीदार ह्याला नाही म्हणत नाही, आमचं कामच ते आहे.

आणि तुमच्या नकलेत, म्हणजे वहीत जिथं तुमचं काम लिहून घेतलंय तिथं, पदाच्या प्रत्येक ओळीत श्वासाच्या खुणा करा, लाल पेनानं. शब्द तोडून श्वास घ्यायचा नाही, अर्थ जिथं थांबतो तिथं घ्यायचा. हे नुसतं मनात ठेवून होत नाही, लिहा. तालमीत दरवेळी त्याच जागी श्वास घेतला की आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतं.

आता पट्टी, म्हणजे पेटीची कुठली पट्टी 'सा' धरून गायचं ते. तुम्ही लिहिलं नाहीय पण मी पैजेवर सांगते की तुमची पदं पण भाचीच्या पट्टीत बसवलीत, काळी पाचमध्ये. पंचविशीतली शिकलेली पोर काळी पाचला मजेत गाते, तिला ते शोभतं. तुमच्या वयात बाईचा आवाज थोडा खाली उतरतो, वरचे सूर आकसतात आणि मधला भाग भरदार होतो, हे शरीराचं आहे, त्याला कुणाचा इलाज नाही नि लाज पण नाही. तुम्ही त्याच्या खालच्या काळी चारला म्हणून बघा, तरी तारसप्तकातला तो सूर ओढूनताणून लागत असेल तर आणखी खाली पांढरी पाचला उतरा. दोन पदं तुमची एकटीची आहेत ना, मग प्रत्येकजण आपापल्या पट्टीत गातो, पेटीवाला पद बदललं की पट्टी बदलतो, संगीत नाटकात हे रोजचं आहे, तबलेवाला फक्त दुसरा तबला लावून शेजारी ठेवतो. तुम्हाला वाटत असेल की पट्टी उतरवून मागितली तर कमीपणा येईल, तर तसलं काही नाही, चुकीच्या पट्टीत रडतखडत गायलं की जे होतं ते तुम्ही गेल्या आठवड्यात बघितलंच.

अडचण येणार ती भाचीबरोबरच्या पदात, तिथं दोघींची एकच पट्टी लागणार. त्यात दोघींनी काळी चारला यावं, वरच्या जागा तिनं घ्याव्यात, तुम्ही मुखडा आणि खालचा अंतरा घ्यावा. तिच्यासारखं गायचा प्रयत्न करू नका, कृपा करून. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरला संयुक्त मानापमान झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी, तेव्हा नायक धैर्यधर होते आपले केशवराव भोसले आणि नायिका भामिनी बालगंधर्व. दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, दोन पूर्ण वेगळे गळे, केशवरावांचा चढा नि झोकदार, बालगंधर्वांचा लडिवाळ. कुणी कुणासारखं गायला गेलं नाही आणि शंभर वर्षं झाली तरी लोक त्या प्रयोगाचं नाव काढतात. आत्या आणि भाची एका सुरात गातील पण एका आवाजात कशाला गातील, त्यांची वयं वेगळी, त्यांनी सोसलेलं वेगळं, बघणाऱ्याला ते ऐकू यायलाच पाहिजे की.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. भजनाला आपण डोळे मिटतो, किंवा पांडुरंगाकडे बघतो. बसलेले असतो, हातात टाळ असतात. नाटकातलं पद माणसाकडे बघून म्हणायचं असतं, समोर भाची उभी आहे, ती घर सोडून निघालीय किंवा रुसलीय किंवा जे काय असेल ते, आणि तुम्ही तिला काहीतरी सांगताय जे साध्या बोलण्यात मावत नाही म्हणून सूर लागलाय. डोळे मिटले की भाची गेली, आणि भाची गेली की मागे राहतं नुसतं गाणं, मग लोक त्याची तुलना विशारद मुलीच्या गाण्याशी करणार. डोळे उघडे ठेवून तिला सांगितलंत तर कुणाला तुलना सुचणार नाही. तुमच्या दिग्दर्शकांना बहुतेक हेच म्हणायचं असेल, नीट सांगता आलं नाही त्यांना.

हे घरी कसं करायचं ते सांगते. पहिले चार दिवस पद गाऊच नका. शब्द नुसते बोला, चाल न लावता, जसं तुम्ही कुणाला समजावताना बोलता तसं, सकाळी रंकाळ्याला फिरायला जात असाल तर तिथं चालता चालता पुटपुटा. कुठल्या शब्दावर तुमचा आवाज आपोआप जड होतो, कुठं थांबावंसं वाटतं, ते कळेल, तिथंच श्वासाची खूण येते बहुतेक वेळा. मग चाल लावा आणि पोळ्या लाटताना म्हणा. हात कामात, डोळे उघडे, पाय उभे, तवा तापलाय तिकडे पण लक्ष. पोळी फुगवताना सूर हलला तर समजायचं ती जागा अजून पक्की नाही, तेवढीच परत घ्यायची. आणि मग शेवटी सासूबाईंना समोर बसवा. तुम्हीच लिहिलंय की त्यांनीच तुम्हाला मंडळात नेलं, म्हणजे त्यांचा कान तयार आहे. त्यांच्या डोळ्यात बघून सगळं पद म्हणा, एकदाही नजर न हलवता. पहिल्या दिवशी हसू येईल दोघींना, येऊ दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या मध्येच काहीतरी बोलतील, "इथं जरा हळू गं" असं काहीतरी, ते नीट ऐकून घ्या, फुकटचा दिग्दर्शक आहे तो.

एक बारकी गोष्ट जी कुणी सांगत नाही. पद सुरू व्हायच्या आधीचं जे शेवटचं वाक्य असतं ना, त्याच्याखाली पेटीवाला हळूच षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवतो. आत्या चिडलेली आहे म्हणून ते वाक्य तुम्ही वरच्या पट्टीत ओरडून संपवलंत तर कानात तोच चढा सूर राहतो आणि पद तिथून उचललं जातं, मग वरच्या सुराला फाटणारच. शेवटचे दोन-तीन शब्द खाली आणा. राग तसाच ठेवा, फक्त सूर खाली, आणि अर्धा क्षण पेटी ऐका, मग उठाण घ्या. तुमचा सूर फाटला त्या पदाच्या आधीचं वाक्य कसं बोलता ते एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून बघा, मला दाट शंका आहे की गडबड तिथंच असणार.

आणि विसरलात तर? विसरतात सगळे, मोठमोठे विसरतात. थांबायचं नाही, सॉरीचा चेहरा करायचा नाही, मुखड्यावर परत यायचं. मुखडा झोपेत पण येतो आपल्याला. तबला-पेटी तुमच्या मागे येतील, तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, या एवढंच. पेटीवाल्यांशी एक खूण ठरवून ठेवा, पदराला हात लावला की मी मुखड्यावर जाणार, असं काहीही. मी बसलेल्या कितीतरी प्रयोगांना अशा खुणांनी पद सावरलंय आणि तिसऱ्या रांगेत पण कुणाला कळलं नाही.

दिग्दर्शकांशी बोला, पण तालमीत नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. तालीम संपल्यावर, सगळे चहाला पांगले की. सरळ सांगा, "सर, त्या दिवशी बोललात ते मला लागलं. माझी पट्टी खाली घ्यायचीय आणि अंतऱ्यामध्ये एक आवर्तन भरून पाहिजे. एवढं दिलंत तर मी काम चोख करून दाखवते." तीन वाक्यं. रडू आलं तरी हरकत नाही, बोलून पूर्ण करा. माफी मागतील न मागतील, त्याची वाट बघू नका, पण पट्टीचं उत्तर त्याच दिवशी घ्या, कारण पाच आठवडे म्हणजे हौशी ग्रुपला तालमी मोजक्याच मिळतात, कुणाची ड्युटी, कुणाचं लग्नकार्य, हॉलची चावीच नाही, हे सगळं येतंच. आणि समजा ते साफ नाही म्हणाले, पट्टी हलणार नाही म्हणाले, तर मात्र तुम्ही पद गद्यात बोलून करायचा पर्याय ठेवा समोर, एखादं पद कापलं म्हणून नाटक पडत नाही. जुन्या नाटकांत पण मूळची सगळी पदं हल्ली कोण घेतंय, तीन तासांत बसवायचं तर कापावीच लागतात.

सोडायचं म्हणाल तर त्याची दुसरी बाजू पण सांगते. हौशी नाटकात पाच आठवडे राहिले असताना एक आत्या गेली की तिच्या जागी दुसरी आणणं एवढंच नसतं, भाचीची सगळी कामं परत बसवावी लागतात, चालणं बदलतं, तबलेवाल्याला नवीन गळा समजून घ्यावा लागतो, वीस-बावीस माणसं ऑफिस सुटल्यावर पोटात काही नसताना येऊन हे करतायत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा त्या कंपाउंडबाहेर उभं राहून रडणारी माणसं मी बघितलीत, त्यातली बरीचशी असलीच, हौशी. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू, त्या रंगमंचावर आपल्याला पाय ठेवायला मिळतो हीच ज्यांची कमाई. त्यानंतर मिळेल त्या हॉलला, मिळेल त्या तारखेला ही मंडळी प्रयोग लावतायत. तुम्ही त्यांच्यातल्या झालात, तर तुमच्यावर त्यांचा थोडा हक्क आहेच आता.

मिस्टरांचं. त्यांना परवानगी मागू नका, काम सांगा. तालमीच्या दिवशी रात्रीचं जेवण आणि सासूबाईंच्या गोळ्या त्यांच्याकडे, हे कागदावर तारखांसकट लिहून फ्रिजवर लावा, आणि शेवटच्या आठवड्यात रोज तालीम असणार, रंगीत तालीम रात्री बारापर्यंत चालणार, हे आत्ताच सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं की भांडण होतं. "या वयात" वर उत्तर द्यायच्या फंदात पडू नका, आत्याचं काम ४७ व्या वर्षी नाही करायचं तर कधी करायचं, विसाव्या वर्षी केस पांढरे रंगवून?

घशाचं थोडक्यात. पतसंस्थेत काउंटरवर दिवसभर बोलता, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि घोट घोट पीत राहा. घसा बसला की कुजबुजून बोलू नका, त्यानं जास्त ताण येतो, सरळ गप्प बसा. मेन्थॉलच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि घसा कोरडा पडतो. आणि हे कोल्हापुरात सांगणं मला जड जातंय, पण शेवटचे पंधरा दिवस रात्री उशिरा तांबडा रस्सा नको, जेवून लगेच आडवं झालं की आंबट वर येतं आणि सकाळी आवाज जाड लागतो. प्रयोग झाल्यावर चापून हाणा. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर नाटक बाजूला ठेवा आणि कान-नाक-घसावाल्या डॉक्टरला दाखवा.

आणखी एक, रंगीत तालमीची वाट न बघता पुढच्या आठवड्यापासूनच नऊवारी नेसून तालीम करा, जुनं असेल ते नेसा. नऊवारी पोटावर घट्ट आवळली की श्वास खालपर्यंत जात नाही आणि हे ऐन प्रयोगात कळून उपयोग नाही. नेसवणाऱ्या बाईंना आधीच सांगा की मला गायचंय, पोटावर दोन बोटं जागा ठेवा. माईक कॉलरचा देणार की समोर खाली ठेवणार ते साऊंडवाल्याला विचारून घ्या, कॉलरचा असेल तर मोहनमाळ नि ठुशी त्याच्यावर घासतात, खरखर येते, तर दागिने कुठले घालायचे ते माईक लावून बघूनच ठरवा.

येत्या तालमीला अर्धा तास लवकर जा, पेटीवाले लवकर येतातच पेटी पुसायला, त्यांच्यासोबत बसून काळी चार आणि पांढरी पाच दोन्हीला म्हणून बघा आणि कुठली ठरली ते मला कळवा. आणि तारीख पण. मी तिकीट काढून येते, सासूबाईंच्या शेजारची खुर्ची ठेवा माझ्यासाठी.